झोपाळ्याखालची जमीन

पोटासाठी माणसे नाना तऱ्हेची कामे करतात. त्यांत मुलांचे झोपाळे आणि घसरगुंड्या तपासत गावोगाव हिंडणे हेही एक काम असते, असे सांगितले म्हणजे आपल्याकडच्या मंडळींना आधी हसू येते. गेली चौदा वर्षे मी इंग्लंडच्या मध्यभागात हेच काम करीत आहे. "म्हणजे झोके घ्यायचा पगार मिळतो म्हण की तुला!" असे माझी सांगलीची मावशी म्हणते. मी हो म्हणते, कारण ते अगदीच खोटे नाही. झोपाळ्याची कडी वर कशी कुरकुरते, हे त्यावर बसल्यावाचून नीट कळत नाही.

पण हसून झाले म्हणजे मावशीसकट सगळे एकच प्रश्न विचारतात. "मुले खेळतात त्यात तपासायचे ते काय? आम्ही नाही का चिंचेच्या झाडांवरून पडलो?" प्रश्न साधा दिसतो, पण तो मोठा खोल आहे. त्याचे उत्तर द्यायचे तर जवळजवळ दीडशे वर्षांचा इतिहास सांगावा लागतो. तो थोडा गमतीचा आहे, थोडा दुःखाचा आहे, आणि फराळाच्या ताटाशी बसून वाचायला काही हरकत नाही.

आधी माझी पिशवी उघडून दाखवते. तिच्यात एक हातोडी, एक स्क्रू-ड्रायव्हर, मोजपट्टी, विजेरी आणि छोटा आरसा. लाकडी खांब जमिनीत शिरतो तिथे, मातीच्या पातळीशी, तो आधी कुजतो. वरून रंग ताजा असतो आणि आत भुसा झालेला असतो. हातोडीने टोला मारला की निरोगी लाकूड खणखणीत बोलते, कुजलेले भद्द आवाज करते. आपल्या आजीबाई नारळ वाजवून पाहतात, त्यातलाच प्रकार.

याशिवाय दोन विचित्र वस्तू आहेत. एक ८९ मिलिमीटर रुंद आणि १५७ मिलिमीटर उंच असा ठोकळा, आणि दुसरी २३० मिलिमीटर व्यासाची तबकडी. कठड्याच्या दोन गजांमधली फट असो की शिडीच्या दोन पायऱ्यांमधली मोकळी जागा असो, चौकट चहूकडून बंद असली की तिच्यात ठोकळा घालून पाहायचा. गेला नाही तर ठीक. गेला, तर मग ती मोठी तबकडीही गेली पाहिजे. ठोकळा जातो आणि तबकडी अडते, अशी फट सर्वांत वाईट. कारण ठोकळा म्हणजे लहान मुलाचे धड, आणि तबकडी म्हणजे मोठ्या मुलाचे डोके. मूल पाय आधी सोडून फटीतून खाली सरकते, अंग सहज निघून जाते, डोके मात्र वर अडकते आणि पाय अधांतरी राहतात.

तिसरी वस्तू म्हणजे साखळीच्या टोकाला बसवलेली एक लहानशी खुंटी. ती घसरगुंडीच्या माथ्याशी, कडेच्या फटींतून सोडून ओढायची. ती अडकली तर मुलाच्या कोटाची दोरीही अडकेल असे समजायचे. हे काही कुणी टेबलाशी बसून कल्पिलेले संकट नव्हे. टोपीला आणि गळ्याला ओवलेल्या दोऱ्या अशा ठिकाणी अडकून मुले दगावली, म्हणून अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने १९९६ साली मुलांच्या कपड्यांतल्या दोऱ्यांबद्दल कपडे बनवणाऱ्यांना सूचना दिल्या. आपल्याकडे दोऱ्यांऐवजी ओढणी असते, मफलर असतो, गळ्यात अडकवलेली पाण्याची बाटली असते. घसरगुंडीवर चढण्यापूर्वी ते सारे उतरवून आईच्या हाती द्यावे. सायकलचे शिरस्त्राणसुद्धा काढावे, कारण धड निघून जाते त्या फटीत शिरस्त्राण अडकून बसते.

माझ्या पिशवीतल्या पुष्कळशा मापांच्या मागे असे कुणाच्या तरी घरचे दुःख उभे आहे. ही मापे आली कुठून, हे पाहू लागले की या विषयाचा इतिहास सुरू होतो. नवल असे, की तो झोपाळ्यापासून सुरू होत नाही. तो जमिनीपासून सुरू होतो.

१८८५ साली अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात एका चर्चच्या आवारात वाळूचा ढीग आणून टाकण्यात आला. कल्पना डॉ. मेरी झाक्रझेव्स्का यांची. या बाई मूळच्या बर्लिनच्या. अमेरिकेत येऊन डॉक्टर झाल्या आणि १८६२ साली त्यांनी बॉस्टनमध्ये स्त्रिया व मुले यांच्यासाठी इस्पितळ काढले. बर्लिनच्या सार्वजनिक बागांत मुले वाळूच्या ढिगांवर खेळताना त्यांनी पाहिली आणि तसे आपल्या शहरातल्या मंडळींना कळवले. गल्लीतल्या गाड्याघोड्यांतून वाट काढीत खेळणाऱ्या मुलांना त्या वाळूत हक्काची जागा मिळाली. तिथे ना झोपाळा, ना घसरगुंडी. अमेरिकेतल्या बालक्रीडांगणांची परंपरा या अशा वाळूच्या ढिगापासून मोजतात. वाळूत पडले तर लागत नाही, ही त्यातली आपोआप साधलेली सोय होती, आणि पुढे ती लोक विसरले.

विसरले, कारण लोखंड आले. माझ्या फिरतीच्या वाटेवर नॉर्थॅम्प्टनशायरमध्ये केटरिंग नावाचे गाव आहे. तिथे चार्ल्स विकस्टीड नावाचे यंत्रकार राहत. शेतीची यंत्रे आणि हत्यारे बनवण्यात त्यांनी पैसा मिळवला आणि उतारवयात गावासाठी मोठी बाग केली. ती १९२१ साली उघडली. बागेत रविवारच्या शाळेतल्या मुलांसाठी एकदा तात्पुरते झोपाळे टांगले होते. मुले ते सोडीनात, म्हणून ते तसेच ठेवले, असे सांगतात. मग म्हाताऱ्याला नादच लागला. लोखंडी नळ्यांचे झोपाळे आणि लांबलचक घसरगुंड्या त्यांच्या कारखान्यातून तयार होऊन गावोगाव जाऊ लागल्या. आरंभी मुलग्यांची घसरगुंडी वेगळी आणि मुलींची वेगळी असे. आज हसू येते. पण मुलींनीही घसरगुंडीवर चढावे, हे या गृहस्थांना मान्य होते, ही गोष्ट त्या काळी थोडी नव्हती. १९३१ साली ते वारले, तोपर्यंत सार्वजनिक बागेत झोपाळा हवाच, अशी इंग्लंडची समजूत होऊन गेली होती.

त्याच सुमारास अमेरिकेत शिकागोजवळ विनेटका या गावी आणखी एक चमत्कार घडत होता. सेबॅस्टियन हिंटन हे धंद्याने पेटंटचे वकील. त्यांचे वडील चार्ल्स हॉवर्ड हिंटन हे गणिती. चौथ्या मितीच्या मागे लागलेले. जपानमध्ये शिक्षक असताना त्यांनी मुलांसाठी बांबूंचा एक मोठा सांगाडा उभारला, आणि लांबी, रुंदी, उंची यांची गाठ जिथे पडते त्या बिंदूवर आकडा पुकारताच मुलांनी चढून जावे, असा खेळ लावला. गणित मुलांच्या अंगात भिनावे ही इच्छा. मुलांच्या ध्यानात गणित राहिले नाही, चढण्याची मजा तेवढी राहिली. मुलाने मोठेपणी तो सांगाडा लोखंडी नळ्यांचा केला आणि १९२३ साली त्याचे पेटंट मिळाले. जंगल जिम म्हणून जो पिंजरा आपल्याही शाळांतून उभा दिसतो, त्याचे मूळ हे असे भूमितीच्या शिकवणीत आहे.

झोपाळे आले, घसरगुंड्या आल्या, पिंजरे आले. आणि खाली? खाली डांबर आणि काँक्रीट. वाळू रोज चाळावी लागते, मांजरे घाण करतात, पावसाने चिखल होतो. डांबर एकदा केले की झाडू मारला म्हणजे झाले. साधने उंच होत गेली आणि जमीन कठीण होत गेली. सोय पाहिली ती झाडणाऱ्यांची. पडणाऱ्यांची कुणी पाहिली नाही.

मधल्या काळात एका माणसाने मात्र मुले खेळतात कशी, हे शांतपणे पाहिले. डेन्मार्कचे उद्यानरचनाकार सी. थ. सोरेन्सन यांनी सुंदर बागा केल्या होत्या, पण मुले त्यांत रमत नसत. ती जाऊन खेळत बांधकामाच्या जागी, विटा-फळ्यांच्या ढिगांत. १९४३ साली, देश जर्मनांच्या टाचेखाली असताना, कोपनहेगनच्या एमड्रुप भागात त्यांच्या कल्पनेचे 'भंगाराचे मैदान' सुरू झाले. फळ्या, विटा, दोर, खिळे, हातोड्या, फावडी, आणि लक्ष ठेवायला एक समजूतदार माणूस. मुलांनी घरे बांधावी, पाडावी, खड्डे खणावे. १९४६ साली इंग्लंडच्या लेडी ॲलन नॉर्वेला जाताना वाटेत तिथे थांबल्या आणि भारावून परतल्या. लंडनमध्ये बॉम्बने उद्ध्वस्त झालेल्या जागा पुष्कळ पडून होत्या. त्यांतल्या काहींवर पुढच्या वर्षांत अशीच मैदाने निघाली. युद्धाने केलेल्या खड्ड्यांत मुले घरे बांधू लागली.

पण बहुतेक गावांत एमड्रुपचे वारे पोहोचले नाही. तिथे डांबरच राहिले. १९७० च्या सुमारास इस्पितळांतून येणाऱ्या नोंदी अमेरिकेत एकत्र होऊ लागल्या, तेव्हा एक गोष्ट स्वच्छ दिसली. खेळाच्या साधनांवर होणाऱ्या गंभीर दुखापतींत मोठा वाटा साधनाचा नसून पडण्याचा आहे, आणि पडून डोके कशावर आपटते यावर पुढचे सारे अवलंबून आहे. मग नियम येऊ लागले. ब्रिटनमध्ये १९७९ साली मानक आले, अमेरिकेत १९८१ साली ग्राहक सुरक्षा आयोगाची पुस्तिका निघाली, आणि १९९८ साली युरोपातल्या देशांनी मिळून एक समाईक मानक स्वीकारले. माझा धंदा खऱ्या अर्थाने या कागदांतून जन्मला.

जमीन किती मऊ हवी हे ठरवायचे कसे? हे माप आले मोटारींच्या कारखान्यांकडून. डेट्रॉइट शहरातल्या वेन स्टेट विद्यापीठात, मोटार आदळली की माणसाचे डोके किती धक्का सोसते, याचा अभ्यास झाला होता. त्यातून निघालेल्या हिशेबाला डोक्याच्या दुखापतीचा निर्देशांक म्हणतात, आणि १,००० ही त्याची मर्यादा मानली गेली. तोच आकडा क्रीडांगणाने उसना घेतला. ४.६ किलो वजनाचे एक अर्धगोल धातूचे 'डोके' घ्यायचे, त्याच्या पोटात धक्का मोजणारे यंत्र बसवायचे, आणि ते जमिनीवर वेगवेगळ्या उंचीवरून पाडायचे. ज्या उंचीला आकडा १,००० ला पोहोचतो, तिथपर्यंत ती जमीन भरवशाची. युरोपच्या मानकाप्रमाणे पडण्याची उंची कुठेही ३ मीटरपेक्षा जास्त असू नये. वाळू किंवा झाडाच्या सालीचा भुगा घालायचा तर २ मीटर उंचीपर्यंत २० सेंटिमीटर आणि त्यापुढे ३० सेंटिमीटर थर हवा; शिवाय मुलांच्या पायांनी तो उडून जातो म्हणून १० सेंटिमीटर वरकड.

हे सारे मी इंग्रजीतून प्रथम शिकले, तेव्हा मला घरच्या वळणाची गोष्ट ऐकल्यासारखे वाटले. माझे वडील तरुणपणी तालमीत जात. आखाड्याची तांबडी माती रोज उकरायची, चाळायची, तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबू घालायचे, मगच लंगोट कसायचा, हा आपल्याकडचा जुना शिरस्ता. पेशवाईच्या अखेरीस, दुसऱ्या बाजीरावाच्या काळी, बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाची विद्या नावारूपाला आणली. त्या मल्लखांबाच्या भोवतीही मऊ मातीचा हौदा असतो. पट्ठ्या पडणार, हे वस्ताद धरूनच चालतो. पडणे हा विद्येचा भाग. म्हणून आधी जमीन तयार करायची, मग शागीर्द. जे पैलवानाला आपण शतकानुशतके दिले, ते चार वर्षांच्या मुलाला द्यायला जगाने १९८० च्या आसपासपर्यंत वेळ लावला, आणि आपल्याकडच्या कित्येक बागांत ते अजून दिलेले नाही.

इथवर कथा सरळ आहे. पुढे ती बिघडते.

नियम आले तशी त्यांच्यामागून भीती आली. दाव्यांची भीती, वर्तमानपत्रांची भीती, विमा कंपनीच्या पत्राची भीती. उंच ते काढा, फिरते ते काढा, ज्यावरून पडता येईल ते काढा. कित्येक ठिकाणी साधनांच्या जागी स्प्रिंगवर डुलणारे प्लॅस्टिकचे बदक तेवढे उरले. आठ वर्षांच्या मुलाने त्या बदकाचे काय करावे? तो बदकाच्या डोक्यावर उभा राहतो, नाही तर मैदान सोडून रेल्वेच्या रुळांकडे जातो. नॉर्वेच्या एलेन सँडसेटर यांनी २००७ साली बालवाडीतली मुले पाहून मांडले, की मुले आपण होऊन सहा प्रकारची जोखीम शोधतात: उंची, वेग, धारदार हत्यारे, आग-पाण्यासारख्या जागा, मस्ती-झोंबी, आणि मोठ्यांच्या नजरेआड होणे. आपल्या लहानपणाची यादीच जणू कुणी वाचून दाखवावी! पुढे २०१२ साली ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा खात्यानेच जाहीर निवेदन काढले, की खेळातली सगळी जोखीम काढून टाकणे हा आमचा हेतू नाही. जोखीम आणि लाभ दोन्ही तोलून पाहा.

माझ्या धंद्याचे सारे सार मला या तोलण्यात दिसते. जोखीम आणि धोका हे शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो. कामावर मी ते वेगळे ठेवते. जोखीम मुलाला दिसते. जाळी उंच आहे हे त्याला कळते. ते खाली उभे राहून विचार करते, दोन पायऱ्या चढून उतरते, आठवड्याने चार चढते. धोका मुलाला दिसत नाही. कुजलेला खांब, झिजून अर्धी झालेली कडी, धड जाऊन डोके अडकणारी फट, सालीखालचा दगड हे मुलाने ओळखायचे नसते. ते मी ओळखायचे. पहिली गोष्ट मुलाच्या स्वाधीन ठेवावी, दुसरी काढून टाकावी, एवढ्यासाठीच ती पिशवी.

हे लिहायला सोपे, सही करायला अवघड. काही वर्षांपूर्वी एका खेड्यात, नाव सांगत नाही, आठ-नऊ वर्षांचा मुलगा दोरांच्या जाळीवरून पडला आणि त्याचे मनगट मोडले. ग्रामसभेने ठरवले, जाळी काढून टाकायची. तपासनिसाचा तसा अहवाल तेवढा हवा होता. मी गेले. जाळीवरून पडण्याची उंची २ मीटर ३० सेंटिमीटर भरली. दोर चांगले, गाठी चांगल्या, खांब खणखणीत. खाली मोजपट्टी खुपसली, तर सालीचा थर मधोमध १२ सेंटिमीटर. हवा होता ३०. कडेला मात्र हवा त्याहून जास्त साचलेला. वर्षानुवर्षे कुणी फावडे लावले नव्हते.

मी लिहिले, की जाळी राहू द्यावी, जमीन भरावी, आणि दर आठवड्याला थर सारखा करावा. सभेत त्या मुलाची आई उठली. ती रागावलेली नव्हती, ते मला अधिक कठीण गेले. ती म्हणाली, "तुम्ही राहू द्या म्हणता. उद्या आणखी कुणी पडले तर?"

मी म्हटले, "बाई, पडेलच. मऊ जमिनीने डोके वाचते. मनगट वाचेलच अशी हमी मी देऊ शकत नाही. पण ही जाळी काढली तर गावात चढायला दुसरे काही नाही. मग मुले चढतील ती त्या पडक्या कोठाराच्या छपरावर, आणि त्याच्या खाली फरशी आहे."

सभा बराच वेळ गप्प होती. मग तिने विचारले, "भुगा किती लागेल?" मी सांगितले. जाळी राहिली. तिचा मुलगा हाताचे प्लास्टर निघाल्यावर पुन्हा चढू लागला, असे पुढच्या वर्षीच्या तपासणीत त्यानेच मला वरून ओरडून सांगितले. त्या वेळी मी खाली वाकून मोजपट्टी खुपसत होते. थर ३४ सेंटिमीटर भरला. वरकड धरून तो ४० हवा होता, म्हणून मी अहवालात तेही लिहिले.

मावशीच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. तुम्ही चिंचेवरून पडलात, मावशी, तेव्हा खाली माती होती, पाचोळा होता. फांदी किती वाकते ते तुम्हाला हाताला कळत होते. तुमची जोखीम तुमच्या डोळ्यांपुढे होती. आज आपण मुलांना लोखंड दिले, उंची दिली, आणि खाली फरशी घातली. मग कुणी तरी तपासायला नको का?

दिवाळीत आपल्याकडे मुले किल्ले करतात. माती, विटांचे तुकडे, जुनी पोती, उतारावर अळीव पेरलेले, हात कोपरापर्यंत चिखलात. एमड्रुपला जे सुचायला महायुद्ध लागले, ते आपल्या अंगणात दरसाल चालत आलेले आहे. आता इमारतींच्या अंगणांत सगळीकडे फरशा आणि सिमेंटचे ठोकळे बसले. किल्ल्याला माती पिशवीतून विकत आणावी लागते, आणि रंगवलेला तयार किल्लाही दुकानात मिळतो. माझी एवढीच विनंती, की तयार किल्ला घेऊ नका. मातीचा पसारा दोन आठवडे सोसा.

आणि सुटीत मुलांना बागेत न्याल तेव्हा झोपाळ्याच्या रंगावर जाऊ नका. ऑक्टोबरच्या उन्हात पत्र्याची घसरगुंडी तापली आहे का, ते आधी हाताच्या पाठीने पाहा. झोपाळ्याच्या वरच्या कडीकडे नजर टाका. मग खाली वाका आणि जमीन बोटाने उकरून पाहा. बोट शिरत नसेल, तर चौघी आयांनी मिळून नगरपालिकेकडे अर्ज करा, की झोपाळा काढू नका, खाली वाळू टाका. झोपाळे काढून टाकण्याचे अर्ज कचेऱ्यांतून पुष्कळ येतात. वाळू मागणारा अर्ज क्वचित येतो.